आत्याचे चार वेढे

“हा घ्या तुमचा फोन,” बसड्रायव्हर म्हणाला आणि त्याने तो काउंटरवर असा आपटला, की काच फुटली नाही हेच नवल. “परवा तुमच्याकडून दुरुस्त करून नेला, तेव्हापासून मुका झालाय.”

मी फोन उचलला. स्क्रीन लागत होती. माझ्या फोनवरून रिंग दिली, वाजला.

“चालतोय की.”

“तुमच्याशी बोलतोय. हिच्याशी बोलत नाही.”

हिच्याशी म्हणजे त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलीशी. नऊ-दहा वर्षांची असेल. शाळेची वेळ होऊन गेली होती, तरी गणवेश घातलेला नव्हता. दोन्ही हात स्वेटरच्या खिशात खुपसून ती जमिनीकडे बघत होती. बापाने तिची डावी बाही दंडापर्यंत वर सरकवली. दंडाच्या मागच्या बाजूला पांढरा, गोल, नाण्याएवढा बिल्ला चिकटवलेला होता.

“साखरेचा आजार आहे तिला. सहाव्या वर्षापासून. हा सेन्सर आतल्या आत साखर मोजत असतो. फोनची पाठ त्याला टेकवली की आकडा दिसतो. आधी दिवसातून आठ-आठ वेळा बोट टोचायचो आम्ही. पोरीच्या बोटांची चाळण झाली होती हो. हा आला आणि सुटली.” त्याने बाही खाली ओढली. “परवा तुम्ही मागची काच बदलून दिलीत. त्या संध्याकाळपासून टेकवतोय, टेकवतोय, काही नाही. पुन्हा टोचणं सुरू केलं. काल सकाळी शाळेत बाईंनी विचारलं, टोचलंस का? ही म्हणाली, हो. खोटं बोलली. कंटाळली होती. दुपारी तिथल्याच बाथरूमच्या फरशीवर सापडली. इन्सुलिन घेतलेलं, आणि साखर एकदम खाली गेलेली.”

मुलगी अजून खालीच बघत होती.

“दुसऱ्या फोनवर बघता येईल की,” मी म्हणालो.

“ज्या फोनने सुरू केला त्यालाच उत्तर देतो हा. आणि बायकोच्या साध्या फोनमध्ये ही सोयच नाही.”

मला आता सगळं समजलं होतं. त्या फोनची जुनी काच काढताना आतून एक काळी, कागदासारखी पातळ पट्टी तिच्याबरोबर निघून आली होती. काचेलाच चिकटलेली. अर्धी फाटलीसुद्धा. ती काय आहे हे मला ठाऊक होतं. फोन टेकवून दार उघडायचं, तिकीट दाखवायचं, त्यासाठीची ती कॉइल. आमच्या गल्लीत कोण फोन टेकवतंय, असा विचार करून मी ती काचेच्या तुकड्यांबरोबर डब्यात टाकली होती. नवीन काच बसवली, कडा पुसल्या, फोन चकाचक करून दिला.

तरी तोंडातून निघालं, “सेन्सरच खराब असेल. तो बदलून बघा.”

खोटं बोलायला मला एवढासाही वेळ लागला नाही, याची आज लाज वाटते.

“आण बघू इकडे,” मागून आवाज आला.

दुकानाच्या मागच्या बाजूला, खिडकीखाली, माझी आत्या बसायची. माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं ती रेडिओच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायच्या खात्यात होती. एका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बावीस बायका बसायच्या आणि केसाहून बारीक तांब्याची तार बोटांनी गुंडाळायच्या. मग यंत्र आलं. नंतर कारखानाच बंद पडला. आत्या आमच्याकडे राहायला आली, आणि मी तिला दुकानात एक टेबल दिलं. तिचा वेळ जाईल म्हणून. आपण तिच्यावर उपकार करतोय असंच मला तेव्हा वाटायचं. मी स्क्रीन आणि बॅटऱ्या बदलायचो, ती सोल्डरिंगचे सुटलेले टाके लावायची, तुटलेल्या तारा जोडायची. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारी उन्हाला बसलीय.

ड्रायव्हर फोन घेऊन तिच्याकडे गेला. मुलगी त्याच्या मागून.

आत्याने ड्रॉवरमधून एक काडेपेटीएवढा पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर तारेचे काही वेढे आणि त्यांच्या दोन टोकांना जोडलेला मोहरीएवढा लाल दिवा. बस्स. ना बॅटरी, ना बटण.

“नाव काय गं तुझं?”

“ठकू म्हणतात,” बापच म्हणाला.

“ठकूबाई, हे धर. आता या बाब्याच्या फोनच्या पाठीजवळ ने.” बाब्या म्हणजे मी. वय वर्षं त्रेचाळीस.

मुलीने खिशातून एक हात काढला. पुठ्ठा माझ्या फोनच्या मागे धरला. लाल दिवा लुकलुकला. तिने हात दोन बोटं दूर नेला, दिवा विझला. जवळ आणला, पुन्हा लुकलुक.

“यात सेल कुठाय?” ती पहिल्यांदाच बोलली.

“नाहीच.”

“मग पेटतो कसा?”

आत्याने स्टूल पुढे ओढलं. तिला असं कोणी विचारलं की हातातलं काम बाजूला पडायचं.

“फोनच्या पाठीत तारेची गुंडाळी असते. तिच्यातून वीज इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत असते. किती वेळा? एका सेकंदात एक कोटी पस्तीस लाख वेळा. त्यामुळे तिच्याभोवती एक ओढ तयार होते. चुंबकाची असते ना, तशी. पण ती थरथरती. दोन-तीन बोटांपलीकडे तिचा जोर नाही. तेवढ्यात दुसरी गुंडाळी आली, तर तिच्यातही वीज खेळायला लागते. शिवावं लागत नाही. तुझ्या दंडावरच्या बिल्ल्यातही तशीच गुंडाळी आहे, बारकीशी. फोन जवळ आला की तिला जाग येते.”

“मग आकडा कसा सांगते?”

“झोक्यावर बसतेस ना?”

“हो.”

“मागून बाबा झोका देतायत. तू बसल्या बसल्या पाय जमिनीला घासलास, तर बाबांना कळेल की नाही?”

“कळेल. जड लागेल.”

“पाय उचललास?”

“हलका.”

“झालं तर. बिल्ल्याकडे ओरडायला ताकद नाही. तो नुसता पाय घासतो, उचलतो, घासतो, उचलतो. फोनच्या हाताला ते कळतं. तीच त्यांची भाषा.”

मुलीने दुसराही हात खिशातून काढला आणि ती आपला बिघडलेला फोन पुठ्ठ्यावर धरून बघायला लागली. वरून, खालून, आडवा, उभा. दिवा लागला नाही.

“याला गुंडाळीच नाही,” ती म्हणाली.

आत्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कोणी वाक्य अर्धं सोडलं की उरलेलं ऐकायला आपण बघतो, तसं. मी काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. ड्रायव्हर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

“पाठ मी बसवली होती,” आत्या म्हणाली. “ती पट्टी माझ्याकडून राहिली.”

ती परवा दुकानात आलीसुद्धा नव्हती. दाढ काढायला गेली होती.

ड्रायव्हरचा चेहरा लाल झाला. “मावशी, दिसत नसेल तर चष्मा बदला. नाहीतर घरी बसा. माझी पोर ओल्या फरशीवर पडली होती. डोकं नळावर आपटलं असतं म्हणजे? कोणाला विचारायला गेलो असतो मी?”

“खरं आहे,” आत्या म्हणाली.

“खरं आहे म्हणे! खरं आहे म्हणून भागतं का?”

“नाही भागत. किती वाजता आहे तुमची ड्यूटी?”

“दोनला.”

“मग दीडपर्यंत थांबा.”

मी कसंबसं म्हणालो, की या मॉडेलची ती पट्टी इथे मिळत नाही, मागवली तर आठ दिवस लागतील. आत्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “मागव,” म्हणाली. “ती यायची तेव्हा येईल. आणि तो वायरीशिवाय चार्ज होणारा मेलेला फोन आहे ना तुझ्याकडे, तो दे.”

त्यानंतरचे अडीच तास मी गिऱ्हाइकं घेतली, पण डोळे मागेच होते.

मेलेल्या फोनची पाठ तिने गरम करून उघडली. आतल्या चार्जिंगच्या कॉइलखाली राखाडी-काळा पत्रा असतो, वाळक्या पानासारखा ठिसूळ. तो तिने पातळ पात्याने, श्वास धरून, अखंड सोडवला. मुलीने विचारायच्या आधीच सांगून टाकलं, “फोनची बॅटरी धातूची. ती ही सगळी ओढ पिऊन टाकते. मध्ये हा घातला की नाही पीत.”

मग तिने एका लाकडी ठोकळ्यावर चार टाचण्या ठोकल्या. डब्यातून तारेचं रीळ काढलं. मला नुसत्या डोळ्यांनी ती तार दिसत नव्हती. फक्त उजेडात ती वळवली की एक तांबूस रेघ चमकायची. आत्याही तारेकडे बघत नव्हती. तिची नजर खिडकीबाहेर कुठेतरी होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं टाचण्यांभोवती फिरत होती. ओठ हलत होते. एक वेढा. दुसरा. तार जरा ताणली की तुटते, जरा ढिली सोडली की वेढे एकमेकांवर चढतात. मी इतकी वर्षं सोल्डरिंग करतोय, पण असे हात मी पाहिले नाहीत.

चार वेढे झाले. दोन टोकांना तिने तांब्याच्या पत्र्याचे तांदळाएवढे तुकडे जोडले. फोनच्या आत दोन स्प्रिंगच्या पिना वर आलेल्या असतात, त्यांवर हे टेकायला हवेत. सगळं नवीन काचेच्या आतून चिकटवलं, काच नुसती दाबून धरली, फोन चालू केला.

दिवा लागला. पण मंद. विझत आल्यासारखा.

मुलीने दंड पुढे केला. फोन टेकवला. काही नाही.

ड्रायव्हरने घड्याळाकडे बघितलं. एक वाजून पाच मिनिटं.

आत्याने पाचवा वेढा दिला. दिवा लागलाच नाही. तिने मान हलवली, जणू कोणी तिच्याशी वाद घातला होता आणि त्याचं म्हणणं तिला पटलं होतं. सगळी तार उलगडली आणि टाकून दिली. टाचण्या उपटून थोड्या दूर ठोकल्या. नवी तार. पुन्हा चार वेढे, पण या वेळी ऐसपैस, काचेच्या कडेकडेने.

“मघाशी पण चारच होते की,” मुलगी म्हणाली.

“मघाशी दाटीवाटीने बसले होते. फोनने जितक्या वेगाने झोका द्यायचा ठरवलंय, त्याला जुळणारी गुंडाळी लागते. जास्त झाली तरी चुकतं, कमी झाली तरी चुकतं.”

“तुम्हाला कसं कळतं किती?”

“कळत नाही गं. चुकून चुकून कळतं.”

एक वाजून बावीस मिनिटांनी दिवा लागला आणि चांगला लाल लागला. आत्याने फोन मुलीच्या हातात दिला. “तूच लाव. सावकाश. बिल्ल्यावर ठेव आणि जरा खाली सरकव.”

मुलीने फोन दंडाच्या मागे नेला. थोडा खाली. थोडा डावीकडे. फोन एकदा थरथरला.

“एकशे अठरा!” ती ओरडली. मग तिने पुन्हा लावला, आणि पुन्हा लावला. “एकशे अठरा, बाबा! आणि बाण सरळ आहे, साखर उतरत नाहीये!”

ड्रायव्हर खाली बसला. दुकानात त्या बाजूला खुर्ची नव्हती. तो सुट्या भागांच्या खोक्यावरच बसला. थोड्या वेळाने उठला, काच नीट चिकटवून घेतली, मुलीचा हात धरला. दारातून मागे वळून आत्याला एवढंच म्हणाला, “पुढच्या वेळी बघून काम करा.” तेही पहिल्यासारखं जोरात नाही.

दुकान बंद करायच्या आधी मी आत्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“तू का म्हणालीस तसं?”

ती टाचण्या एकेक मोजून डबीत ठेवत होती. “तू म्हणशील म्हणून थांबले होते.”

“आत्या…”

“तू बोलेनास. तो माणूस ताटकळला होता, पोरगी उभी होती. कोणाचं चुकलं हे ठरेपर्यंत कामाला हात लावता येईना. मग कोणीतरी म्हणायला नको?” तिने डबीचं झाकण लावलं. “माझं काय जातंय. मला कोण कामावरून काढणार आहे?”

ती हसली. मला हसता आलं नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

आठ दिवसांनी पट्टी आली. ड्रायव्हरला फोन केला, तो मुलीला घेऊन आला. मुलगी या वेळी गणवेशात होती आणि सरळ आत्याच्या टेबलाकडे गेली. मी ड्रायव्हरला काउंटरपाशीच थांबवलं. मी मनाशी बरंच घोळवून ठेवलं होतं; त्यातलं काहीच आठवलं नाही.

“पाठ मी बसवली होती,” मी म्हणालो. “पट्टी फाटलेली मला दिसली होती. मीच फेकली. आत्या त्या दिवशी दुकानात नव्हती.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. आणि बसली असती तरी मी काही म्हणालो नसतो.

“आणि मी त्यांना बोलत होतो, तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात,” तो म्हणाला.

“हो.”

“सगळं ऐकत.”

“हो.”

तो माझ्या बाजूने निघून आत्याच्या टेबलाकडे गेला. ती भिंगाखाली नवीन पट्टी बघत होती. कारखान्यातून आलेली, छापल्यासारखी सुबक.

“मावशी, राहू द्या हो ती,” तो म्हणाला. “तुम्ही केलेली छान चालतेय. आठ दिवसांत एकदासुद्धा चुकली नाही.”

“चुकली,” मुलगी म्हणाली. “दोनदा चुकली. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

आत्या खूश झाली. “बघा. तिला कळतं. माझी कशीबशी चालतेय. फोन नेमका धरावा लागतो, थंडीत आणखी त्रास देईल. पोरीच्या जिवाशी कसंबसं नको.” आणि तिने काच गरम करून उघडली, स्वतःचे चार वेढे चिमट्याने अलगद उचलून बाजूला ठेवले आणि नवीन पट्टी लावली. टेकवल्या टेकवल्या आकडा आला. जाड स्वेटरवरूनही आला.

“यांनी चांगलं केलंय काम,” आत्या म्हणाली. कोणी बायांनी केलं असेल की यंत्राने, याचा ती विचार करत होती, असं मला वाटलं.

ड्रायव्हर काहीतरी बोलायला बघत होता. “मावशी, त्या दिवशी मी… चष्म्याचं वगैरे…”

“बापाने बोलायलाच पाहिजे,” आत्या म्हणाली. “न बोलता गेला असतात तर मला बरं वाटलं नसतं. आणि चष्मा खरंच बदलायला झालाय.”

त्या दिवसानंतर दुकानात एक फरक पडला. कोणतीही पाठ बसवली की मी आत्याचा तो पुठ्ठ्याचा दिवा लावून बघतो. गिऱ्हाईक कधी फोन टेकवणार असो वा नसो. आणि आतून निघालेली वस्तू, मग ती नखाएवढी का असेना, गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय डब्यात जात नाही. मला कोणी तसं सांगितलं नाही. आत्याने तो विषयच पुन्हा काढला नाही.

दोन वर्षांनी, एका सकाळी, शाळेच्या वेळेआधी मुलगी दुकानात आली. एकटीच. उंच झाली होती. मी पटकन ओळखलंच नाही. आत्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि ती आता फक्त सकाळचे दोन तास यायची.

“आजी, नवीन सेन्सर आलाय. बघा.” तिने बाहीचं बटण काढून बाही वर केली. बिल्ला आता निम्म्याने लहान होता. “याला फोन लावावाच लागत नाही. दर मिनिटाला आपणच सांगतो. फोन दप्तरात असला तरी. साखर उतरायला लागली की आईच्या नव्या फोनवरसुद्धा वाजतं.”

“लावावाच लागत नाही?”

“फक्त पहिल्या दिवशी एकदा. सुरू करताना. मग नाहीच.”

मी आत्याच्या तोंडाकडे बघत होतो. कारखान्यात यंत्र आलं, तेव्हा फाटकावर लावलेल्या कागदावरून तिला कळलं होतं, की आता तुमच्या बोटांची गरज नाही. बावीस बायका तो कागद वाचून, डबे घेऊन घरी गेल्या होत्या. तेव्हा ती आठ दिवस कोणाशी बोलली नव्हती, असं वडील सांगायचे.

आत्याने मुलीचा दंड दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि बिल्ला बराच वेळ निरखून पाहिला.

“दुखतो का?”

“नाही.”

“आणि आईला झोप लागते?”

“आता लागते.”

“मग झालं,” आत्या म्हणाली. “फार चांगलं झालं.”

तिने मुलीची बाही हळूच खाली ओढली, मनगटाशी बटण लावलं, कफ सरळ केला. “जा आता, उशीर होईल,” म्हणाली. मुलगी रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली. मग टेबलावर पडलेला कोणाचा तरी फोन तिने पुढे ओढला आणि त्याच्या चार्जिंगच्या भोकात अडकलेला कापसाचा धागा सुईने काढायला घेतला.